आमची गोलकीपर डोळे मिटते

कसबा पेठेत आमच्या आळीत दिवसभर तांब्याची भांडी ठोकतात. तिथे वाढलेल्या माणसाला हळू बोलायची सोयच नसते. बारशाला मी रडले तो आवाज शनिवारवाड्यापर्यंत गेला असं घरी सांगतात, आणि मीही ते खरं धरून चालते. हे आधीच सांगते, कारण पुढच्या सगळ्या भानगडीत माझ्या आवाजाचा मोठा वाटा आहे. सांगताना थोडं इकडचं तिकडे झालं तर चालवून घ्या. मूळ गोष्ट खरी आहे.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी मुलींच्या हॉकी संघाची कप्तान होते. संघ म्हणायची पद्धत आहे म्हणून संघ. आदल्या वर्षी पहिल्याच सामन्यात आमच्यावर एवढे गोल झाले की फलकावरच्या आकड्यांच्या पाट्या संपल्या, आणि फलकावरचा माणूस पुढचे गोल बोटांवर दाखवायला लागला. मग त्याचीही बोटं संपली. तो बूट काढायच्या बेतात असताना पंचांनी शिट्टी वाजवली, असं मी सगळ्यांना सांगते.

तर यंदा काय, हा प्रश्न होता. जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर आमच्या खेळाच्या सरांनी मला जिमखान्यात बोलावलं. सर विद्यार्थ्यांना 'आपण' म्हणतात. त्यात आदर किती आणि टोमणा किती हे तीन वर्षांत मला कळलं नाही.

"आपण कप्तान आहात, म्हणून आपल्याला आधी सांगतो," सर म्हणाले. "एका क्रिकेट क्लासने आपलं सकाळचं मैदान मागितलंय. प्राचार्यांचं म्हणणं असं की हॉकीने यंदा पहिला सामना जिंकला तर मैदान हॉकीकडे राहील. हरला तर क्लासकडे. सकाळचं मैदान गेलं की हॉकी गेली, हे आपल्याला वेगळं सांगायला नको."

मी म्हणाले, "सर, जिंकू."

"कशाच्या जोरावर ते जरा बसून ठरवा," सर म्हणाले, आणि पुन्हा कॅरमच्या सोंगट्या मोजायला लागले.

मी बसून ठरवलं. आमची पुढची फळी पळायला चांगली होती, फक्त चेंडू बरोबर न्यायचा हे त्यांच्या लक्षात राहत नसे. सेंटर हाफ चांगली होती, पण ती सी.ए.च्या क्लासला जायची, त्यामुळे अर्ध्या प्रॅक्टिसला ती फक्त व्हॉट्सॲपवर हजर. मागे फुलबॅक मी स्वतः. माझ्याबद्दल मी काय सांगणार? मी ओरडले की समोरची पोरगी चेंडू सोडून पंचांकडे बघते, एवढं सगळे मान्य करतात. आमचं मैदान मुरमाचं. त्यावर एवढे उंचवटे की तिथे सरळ मारलेला चेंडू सरळ गेला तर आम्ही दचकायचो. तरी हे सगळं धकलं असतं. खरी अडचण गोलात होती. गोलात कोणीच नव्हतं.

आमची आधीची गोलकीपर पास होऊन नोकरीला लागली होती आणि वारज्याला फ्लॅट घेऊन राहत होती. जाताना तिने पॅड, किकर, हेल्मेट, सगळं किट प्रामाणिकपणे परत केलं होतं. ते किट जिमखान्याच्या कोपऱ्यात पडलेलं असायचं. त्याच्या वासाने त्या कोपऱ्यातली पाल बाहेर राहायला गेली. त्यात कोणाला शिरवायचं म्हणजे आधी जबरदस्ती आणि मग दिलगिरी. मी वर्गावर्गांत जाऊन विचारलं. मुली ऐकून घ्यायच्या, किट बघायला यायच्या आणि परत जायच्या.

मग एक दिवस कॉमर्सचं लेक्चर सुटलं. कॉमर्सचं लेक्चर सुटतं तेव्हा जिन्यावरून माणसं नाही, पूर येतो. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. मधल्या वळणावर एक मुलगी सूचनाफलकावरचं काहीतरी वाचत उभी होती. अख्खा पूर तिच्यावर आला, दोन बाजूंनी फुटला आणि पुढे खाली जाऊन पुन्हा एक झाला. ती हलली नाही. मागे वळूनही पाहिलं नाही. खालची ओळ वाचून झाल्यावरच ती बाजूला झाली.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "हॉकी खेळतेस का?"

"नाई," ती म्हणाली.

"खेळशील का?"

"काऊन?"

'काऊन' म्हणजे 'का'. ती यवतमाळकडची होती. पहिल्या वर्षाला आली होती आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होती. पुण्यात येऊन तिला महिना झाला होता. त्या महिन्यात रिक्षावाले आणि मेसवाल्या काकू सोडल्या तर तिच्याशी आपणहून कोणी बोललं नव्हतं, हे तिने मला नंतर सांगितलं. तेव्हा मात्र मी तिला गोलकीपरचं काम समजावून सांगितलं: गोलात उभं राहायचं आणि हलायचं नाही. आता हे काही पूर्ण खरं नाही, पण सुरुवात म्हणून वाईट नाही. तिने ते सगळं किट बघितलं, वास घेतला आणि म्हणाली, "उन्हात टाकावं लागन." दुसऱ्या दिवशी तिने ते गच्चीत वाळत घातलं. पाल परत आली.

ती सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर यायची. पॅड बांधून गोलात उभी राहिली की एखादं कपाट ठेवल्यासारखी दिसायची, आणि खरंच हलायची नाही. फक्त एक खोड होती. चेंडू जवळ आला की ती डोळे मिटायची. गच्च मिटायची. चेंडू अंगावर आला तर अडायचा, हातभर बाजूने गेला तर जाळ्यात. मी समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं, डोळ्यांसमोर रुमाल हलवून पाहिलं. सर दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "यांना बघता नाही आलं तरी चालेल. आपण चेंडूला यांच्याकडे बघून यायला शिकवा."

स्पर्धेआधीचे काही आठवडे सगळ्या कॉलेजांना टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, सरावाला तासातासाची वेळ मिळते. टर्फबाहेर एक अमृततुल्य आहे. एका संघाचा तास संपतो, दुसऱ्याचा सुरू व्हायचा असतो, आणि मधल्या वेळात सगळ्या कप्तान तिथे चहाला एकत्र येतात. तिथली एक रीत आहे. कोणी ठरवलेली नाही, कोणी कोणाला शिकवत नाही, पण पुण्यातल्या कॉलेज हॉकीत ती शिट्टीपेक्षा जास्त पाळली जाते. त्या टपरीवर प्रत्येक कप्तानाने आपल्या संघाबद्दल रडायचं. आमचा संघ चांगला आहे असं म्हणायचंच नाही. सेंटर फॉरवर्डला कावीळ झालीय, हाफ लग्नाला गावी गेलीय, स्टिका मोडल्यात, सर लक्ष देत नाहीत. जेवढं जास्त रडाल तेवढा समोरचा गाफील. आणि समोरचाही रडतच असल्यामुळे कोणी कोणावर विश्वास ठेवत नाही. ऐकणारी प्रत्येक जण मनात उलटं गणित मांडते: ही एवढी रडतेय म्हणजे हिच्याकडे काहीतरी आहे.

या रडण्यात मी कोणाला ऐकणारी नव्हते. आदल्या वर्षी कप्तान नसतानाही मी आमच्या लेफ्ट विंगला साप चावल्याचं सांगितलं होतं. ती माझ्या शेजारी उभी राहून क्रीमरोल खात होती, म्हणून साप बिनविषारी करावा लागला.

यंदा सोडत निघाली आणि पहिला सामना नदीपलीकडच्या कॉलेजशी पडला. आदल्या वर्षी फलकावरचे आकडे संपवले होते ते यांनीच. त्यांची कप्तान उंच, गोड बोलणारी मुलगी. त्या दिवशी टपरीवर तिने सुरुवात केली. "आमचं काय सांगू गं, यंदा अकरा जणीसुद्धा होत नाहीयेत." तिच्या मागे चौदा जणी भजी खात उभ्या होत्या. मग माझी पाळी आली.

आणि मला सुचेना. म्हणजे सुचत होतं, कावीळ, साप, लग्न, सगळं तयार होतं. पण आमच्या गोलकीपरइतकं वाईट मला काही रचताच येईना. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या थापेपेक्षा माझ्याकडची खरी गोष्ट मोठी होती. मग मी तीच सांगितली. कसब्याच्या आवाजात.

मी म्हणाले, "आमच्याकडे गोलकीपर नाही. एक पोरगी जिन्यावरून उचलून आणलीय. जन्मात स्टिक धरलेली नाही. चेंडू आला की डोळे मिटते. किट उभं करायला माणूस लागतं, म्हणून आत ठेवलीय."

नदीपलीकडच्या कप्तानाने चहाचा घोट घेतला आणि आपल्या फुलबॅककडे बघितलं. फुलबॅकने भुवया उडवल्या. त्या दोघींच्या नजरेत मला सगळं गणित दिसलं: एवढं रडतेय म्हणजे हिने विदर्भातून कोणीतरी राज्य खेळलेली मुलगी आणलीय. मी मनातून एवढी खूश झाले की चहाला साखर कमी आहे हेसुद्धा कळलं नाही. मागे काचेचा ग्लास फळीवर ठेवल्याचा आवाज आला. मी वळले तर आमची गोलकीपर किटची पिशवी खांद्याला लावून रस्ता ओलांडत होती. ती माझ्या मागेच उभी होती, आणि चहा अर्धा राहिला होता.

मला वाटलं, तास संपला, गेली असेल.

पुढच्या दोन-तीन दिवसांत टपरीवरची बातमी शहरभर फिरली. पेठांमधून ती नदीपलीकडे पोचेपर्यंत आमची गोलकीपर सहा फूट झाली. मग तिने एकदा उजव्या पायाने चेंडू अडवला आणि चेंडू फाटला, अशी भर पडली. ही भर मी घातलेली नाही, हे मला खेदाने सांगावं लागतंय. नदीपलीकडच्या संघातली एक मुलगी माझ्या मावसबहिणीच्या वर्गात होती. तिच्याकडून कळलं की यंदा गोलवर सरळ मारायचंच नाही असं त्यांनी ठरवलंय. डीत, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळात, शिरलं की पास, पासावर पास, गोलकीपरला फिरवायचं, दमवायचं. रोज तेवढीच प्रॅक्टिस चालू आहे. मी जिमखान्यात नाचायची बाकी राहिले. जो संघ डीत मारणारच नाही, तो गोल करणार कसा? यंदाचं भवितव्य मला तांब्यासारखं चकचकीत दिसायला लागलं.

सरांना मी हे सांगितलं. सर म्हणाले, "छान. पण आपली गोलकीपर कुठे आहे?"

ती दोन दिवस मैदानावर आली नव्हती. फोन उचलत नव्हती. किटची पिशवी कोणातरी मुलीबरोबर जिमखान्यात पाठवून दिली होती. पॅडचे पट्टे नीट गुंडाळलेले होते. स्पर्धेला आठवडा राहिला होता, आणि दुसरी मुलगी त्या किटमध्ये शिरायला तयार होणार नव्हती.

मी सदाशिव पेठेत तिच्या खोलीवर गेले. चार कॉट, मध्ये एकच माणूस आडवं जाईल एवढी वाट, आणि प्रत्येक कॉटवर स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांची चळत. ती खिडकीजवळच्या कॉटवर बसली होती. मला बघून उठली, पाणी दिलं आणि पुन्हा बसली. मी विचारलं, काय झालं, बरं नाही का? तिने मान हलवली.

"तुमी सगळ्यांसमोर बोलून राहिल्या होत्या न, ताई," ती म्हणाली. "किट उभं करायला ठेवली म्हणून."

मी हसले. खरंच हसले, कारण मला वाटलं हे आता दोन मिनिटांत मिटेल. मी तिला ती रीत समजावून सांगितली. टपरीवर सगळ्याच रडतात, खरं कोणी बोलत नाही, ते मनावर घ्यायचं नसतं, आणि त्या रडण्यामुळे समोरचा संघ कसा घाबरलाय आणि तो चेंडू कसा फाटला, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"पण तुमी खोटं कुठं बोलल्या?" ती म्हणाली. "जिन्यावरूनच आणलं मले. डोळेपण मिटतेच न मी. बाकीच्या साऱ्या खोटं बोलल्या. माझ्याबद्दलच तेवढं खरं बोलल्या तुमी."

मी पाण्याचा पेला रिकामा झाला होता तरी तोंडाला लावला. तिथे जेवढ्या शहाण्या कप्तान उभ्या होत्या, त्या सगळ्यांनी माझं बोलणं थाप म्हणून ऐकलं, आणि जिच्याबद्दल बोलले तिने एकटीने ते होतं तसं ऐकलं. यवतमाळला ती रीत पोचलेली नव्हती. तिथे माणूस सगळ्यांसमोर जे बोलतो, तेच बोलतो, असं ती समजत होती.

शेवटी मी विचारलं, "मग काय करू? सांग."

तिने थोडा विचार केला. "जिथं बोलल्या तिथंच बोला," ती म्हणाली. "त्यायच्यासमोर. चांगलं बोला."

जिना उतरताना मला या मागणीतली गोम कळली, आणि मी पायरीवरच थांबले. त्या टपरीवर आजवर कोणी आपल्या संघाची स्तुती केलेली नव्हती. केली तर ऐकणाऱ्या काय समजणार? रडली म्हणजे काहीतरी आहे, हे त्यांचं गणित. मग फुशारकी मारतेय म्हणजे काहीच नाही. तिचं चांगलं बोलले तर नदीपलीकडच्यांची भीती एका चहात उतरणार. नाही बोलले तर गोलात उभं राहायला कोणी नाही. मी जिन्यात बराच वेळ उभी राहिले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा दार उघडून बघितलं आणि कोणाकडे आलात असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी टर्फचा तास झाल्यावर सगळ्या कप्तान टपरीवर होत्या. गोलकीपर माझ्या शेजारी उभी होती. या वेळी अर्धा चहा सोडून जायचा विचार नव्हता, दोन्ही हातांनी ग्लास धरला होता. मी सुरुवात केली.

स्तुती हे माझ्या आवडीचं काम, पण त्या टपरीवर ते मला कधी करायला मिळालं नव्हतं. तीन वर्षांचं साठलेलं बाहेर आलं. आमच्या गोलकीपरकडे बघून चेंडू रस्ता बदलतो असं मी म्हणाले. तिच्यासमोर पेनल्टी कॉर्नर घ्यायला आमच्याच मुली नाही म्हणतात. ती उभी राहिली की मागचं जाळं लावायचीसुद्धा गरज नाही, आम्ही नियम म्हणून लावतो. रोज सकाळी आमच्या सगळ्यांच्या आधी ती मैदानावर असते. आमचं किट तिने उन्हात घातलं. जिन्यावर अख्खं कॉमर्स अंगावर आलं तरी ती हलली नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. बोलता बोलता मला जाणवलं की यातलं शेवटचं सगळं खरं आहे आणि ते बोलताना माझा आवाज आपोआप खाली आलाय.

समोर नदीपलीकडच्या कप्तानाचा चेहरा मला दिसत होता. पहिल्या वाक्याला ती गोंधळली. तिसऱ्याला तिने फुलबॅककडे बघितलं. पाचव्याला दोघींच्या तोंडावर हसू यायला लागलं. प्रत्येक वाक्याला त्यांची भीती उतरत होती, आणि मला ती उतरताना दिसत होती, उतू आलेलं दूध आच कमी केल्यावर खाली बसताना दिसतं तशी. मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही. गोलकीपर खाली मान घालून चहा पीत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

माझं झाल्यावर नदीपलीकडची कप्तान गोड आवाजात म्हणाली, "अगं वा. छानच की."

त्या संध्याकाळी मावसबहिणीकडून कळलं की त्यांनी पासाची प्रॅक्टिस बंद केली. नवीन बेत सोपा होता: डीत शिरायचं आणि सरळ मारायचं. जिथून दिसेल तिथून मारायचं. आत कोणी नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना सांगणं भाग होतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे आपण आधी त्यांना घाबरवलं आणि मग जाऊन धीर दिला."

"गोलकीपर परत आली, सर," मी म्हणाले.

"ते दिसलं," सर म्हणाले. त्या सकाळी त्यांनी स्वतः स्टिक घेतली आणि तासभर तिला चेंडू मारत राहिले. ती तासभर डोळे मिटत राहिली.

सामन्याच्या दिवशी टर्फवर पाणी मारलं होतं. मुरमावर खेळणाऱ्यांना टर्फ म्हणजे काचेवरून चालल्यासारखं. चेंडू उंचवट्यावरून उडेल म्हणून आमच्या मुली काठी उचलत होत्या आणि चेंडू खालून सरळ जात होता. पहिल्या पाच मिनिटांत नदीपलीकडच्या आमच्या डीत आल्या आणि ठरल्याप्रमाणे सरळ मारलं. पहिला चेंडू तिच्या डाव्या पॅडला लागला. दुसरा पोटाला. तिसरा हेल्मेटला लागून बारवरून गेला. त्याचा आवाज आमच्या आळीतल्या हातोड्यासारखा होता, मला एकदम घरी गेल्यासारखं वाटलं. मी दरवेळी मागे वळून बघत होते, आणि दरवेळी ती जिथे होती तिथेच होती.

त्यात एक गोष्ट झाली जी कोणीच हिशेबात धरली नव्हती. आत कोणी नाही असं पक्कं ठरवून आलेल्या मुली कोपरा बघून मारत नाहीत. कशाला बघतील? त्या मध्यावर मारत होत्या, जोरात, आणि मध्यावर ती उभी होती. सरळ मारायचं नाही हाच बेत त्यांनी ठेवला असता आणि चेंडू बाजूला फिरवून मग ढकलला असता, तर आमची गोलकीपर मिटल्या डोळ्यांनी जिथल्या तिथे उभी राहिली असती आणि चेंडू तिच्या शेजारून चालत आत गेला असता. हे मला मैदानावर कळलं. माझ्या पहिल्या रडण्यावर मी एवढी खूश होते, त्याच रडण्याने आमची हॉकी गेली असती.

हाफटाइमला स्कोअर शून्य-शून्य होता. तिने हेल्मेट काढलं तर चेहरा घामाने निथळत होता आणि दंडावर चेंडूएवढा डाग उमटला होता. मी विचारलं, दुखतंय का? ती म्हणाली, "ताई, डोळे मिटले तरी लागतेच न. मग उघडेच ठेवते आता."

तिने तसं केलं. उरलेल्या वेळात ती पहिल्यांदा हलली. एकदा डावीकडे पाय टाकून चेंडू बाहेर काढला, एकदा आडवी पडली. मी तर म्हणते की ती हवेत उडली आणि दोन श्वास घ्यायला तिथेच थांबली. सर म्हणतात, घसरली. टर्फ ओलं होतं, त्यामुळे दोन्ही शक्य आहे.

शेवटी शेवटी आम्हाला एक पेनल्टी कॉर्नर मिळाला. अख्ख्या सामन्यातला एकच. चेंडू आत आला, सेंटर हाफने, म्हणजे सी.ए.वाल्या मुलीने, थांबवला, आणि मी मारला. मी असा मारला की स्टिकमधून धूर निघाला. चेंडू त्यांच्या फुलबॅकच्या काठीला लागला, वळला आणि त्यांची गोलकीपर दुसरीकडे पडलेली असताना आत गेला. कुठे वळेल हे मी आधीच हेरलं होतं असं मी आजही सांगते. एक-शून्य. शिट्टी वाजल्यावर नदीपलीकडची कप्तान हात मिळवायला आली आणि म्हणाली, "टपरीवर तू खरं सांगत होतीस तर." मी विचारलं, "कोणत्या दिवशी?" ती काठी खांद्यावर टाकून गेली.

दुसऱ्या सामन्यात आम्ही हरलो. किती गोलांनी ते विचारू नका, पण आकड्यांच्या पाट्या पुरल्या. प्राचार्यांना पहिल्या सामन्याचा निकाल पुरेसा होता. क्रिकेट क्लासला संध्याकाळचं मैदान मिळालं. सकाळ आमची राहिली, मुरूम, उंचवटे, सगळ्यासकट.

आता मी खराडीला नोकरी करते. तिथे सगळे इतके हळू बोलतात की फोनवर मी बोलायला लागले की शेजारची माणसं हेडफोन लावतात. गेल्या वर्षी स्पर्धेच्या आधी एका कामासाठी त्या बाजूला गेले होते, तर टपरीवर स्कूटर थांबवली. कप्तान जमल्या होत्या. आमच्या कॉलेजची कप्तान आता आमची ती गोलकीपर होती, शेवटच्या वर्षाला. तिने मला बघितलं नाही. तिची रडायची पाळी चालू होती.

"गोलात मीच," ती सांगत होती. "दुसरं कोणी भेटलंच नाही. मी काय, जिन्यावरची. चेंडू आला का डोळे मिटते."

"आणि बाकीच्या?" नदीपलीकडच्या नव्या कप्तानाने विचारलं.

"बाकीच्या आहेत न," ती म्हणाली, आणि चहा प्यायली. तिच्या मागे पहिल्या वर्षाच्या दोन-तीन नवीन मुली स्टिका घेऊन उभ्या होत्या. त्यांच्याबद्दल ती त्यापुढे एक अक्षर बोलली नाही. मी वाट बघितली. कावीळ नाही, साप नाही, लग्न नाही. सगळं रडगाणं तिने स्वतःवर घेतलं होतं.

नदीपलीकडच्या नव्या कप्तानाचं लक्ष माझ्याकडे गेलं. आमच्या कॉलेजची जुनी कप्तान म्हणून कोणीतरी तिला माझी ओळख सांगितली असावी. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही तर हिच्याबरोबर खेळलायत. ही खरंच डोळे मिटते का हो?"

गोलकीपरने आता मला बघितलं होतं. ग्लास दोन्ही हातांत धरून ती माझ्याकडे बघत होती.

"मिटते," मी म्हणाले, जेवढ्या मोठ्याने मला येतं तेवढ्या. "गच्च मिटते."

ती मुलगी मान हलवत आपल्या फुलबॅककडे गेली. मी एक चहा सांगितला.